वाळूच्या उशीची लोखंडी सवत

मित्रांनो, मी एक जुनी चामड्याची उशी आहे. उशी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर कापूस, अभ्रा आणि झोप आली असेल. तसं काही मनात आणू नका. माझ्या पोटात वाळू आहे, गच्च भरलेली, आणि माझ्यावर कुणी डोकं टेकत नाही. माझ्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा ठेवतात आणि वरून लाकडी मोगरीने ठोकतात. ठोकता ठोकता सपाट पत्र्याला पोट येतं, गाल येतात, आणि त्याचा मोटारीचा एखादा भाग होतो. मी खालून दबते म्हणून तो वळतो. मी दबले नसते तर पत्रा नुसता चेपला असता. हे मी आधीच सांगून टाकते, कारण माझ्या उभ्या आयुष्यात माझ्यासाठी हे दुसरं कुणी बोललेलं नाही.

यावरून तुम्ही ओळखलंच असेल की माझा स्वभाव थोडा जळकुटा आहे. असू दे. इतके घाव खाऊन कुणाचा स्वभाव गोड राहिला असता?

माझा जन्म इद्रिया गावात, मिलोयकाच्या स्वयंपाकघरात झाला. चामडं मात्र त्याआधीचं. शाळेत व्यायामाच्या तासाला मुलं ज्या चामडी घोड्यावरून उड्या मारत, तो घोडा मोडीत निघाला, तेव्हा मिलोयकाचा नवरा झोर्को त्याची पाठ सोलून घरी घेऊन आला. झोर्को बसगाड्यांच्या डेपोत मेकॅनिक होता. दिवसभर सरकारी बसगाड्या, आणि घरी आला की घराखालच्या गॅरेजमध्ये त्याचं स्वतःचं काम. आमच्याकडे डोंगराच्या वळणावळणाच्या रस्त्यावर मोटारी चढवण्याच्या शर्यती होतात. त्या गाड्यांना असे भाग लागतात जे कुठल्याच दुकानात मिळत नाहीत. इंधनाची वेगळ्या आकाराची टाकी, हवा आत घेणारं तोंड, चाकावरचं रुंद मडगार्ड. ते झोर्को पत्र्यातून हाताने घडवायचा.

“हे काय, घोडा सोलून आणलास?” मिलोयकाने टेबलावरचं चामडं बघून नाक मुरडलं.

“दोन गोल कापून शिवायचे आहेत,” झोर्को म्हणाला. “तुझ्याइतका बारीक टाका गावात कुणाचा नाही. वाळूचा कण बाहेर येता कामा नये.”

“गोड बोलू नकोस. वाळू कुठली?”

“नदीवरची. धुतली, आता वाळतेय.”

“कुठे वाळतेय?”

झोर्कोची नजर ओव्हनकडे गेली. मिलोयकाने ओव्हनचं दार उघडलं. तिच्या भाजायच्या ताटांत नदीची वाळू पसरलेली होती.

“झोर्को! या ताटांत मी रविवारी स्ट्रुडेल करते!”

त्या रविवारचं स्ट्रुडेल, म्हणजे पातळ पारीत सफरचंद गुंडाळून भाजलेलं पक्वान्न, दाताखाली कचकचलं म्हणतात. झोर्कोने ते शेवटच्या तुकड्यापर्यंत मुकाट्याने खाल्लं.

तर अशी मी तयार झाले. मेणाच्या दोऱ्याने दुहेरी शिवलेली, वाळूने तट्ट फुगलेली. मिलोयकाने माझ्यावर थाप मारली आणि म्हणाली, “बाळंतपण झालं. घेऊन जा तुझ्या लेकीला.” ती थाप अजून माझ्या लक्षात आहे, कारण त्यानंतर कितीतरी वर्षं तिने मला हात लावला नाही.

गॅरेजमध्ये झोर्कोने मला एका जाड लाकडी तिपाईवर बसवलं. पत्र्यावर त्याने साबणाची वडी ओढली आणि खालून गॅसची ज्योत फिरवली. साबणाची रेघ काळी पडली, म्हणजे पत्रा हवा तेवढा तापला, तशी ज्योत बाजूला केली. “आता हा लोण्यासारखा झाला,” तो स्वतःशीच म्हणाला. पत्रा निवला आणि माझ्यावर आला. धप्. मी दबले. पत्रा जरासा सरकला. धप्. कडेला सुरकुत्या उठल्या, त्या त्याने एकेक करून बसवल्या. संध्याकाळी तो पत्रा उजेडात धरला तेव्हा त्याला एखाद्या मोठ्या शिंपल्याचा आकार आला होता. ते राफकोच्या गाडीसाठी हवेचं तोंड होतं.

राफको म्हणजे मिलोयकाचा धाकटा भाऊ. बोलायला एक नंबर, गाडी चालवायला बरा. त्याच्याकडे एक जुनी लाल फिचो होती. फिचो ही आमच्याकडची लाडकी गाडी, डबीएवढी. इंजिन मागे आणि सामान पुढे. राफकोने ते हवेचं तोंड हातात घेतलं, फिरवून फिरवून पाहिलं आणि ओरडला, “भावोजी, हात सोन्याचे आहेत तुमचे!”

हात! मित्रांनो, त्यानंतर जो कुणी आला त्याने हेच म्हटलं. झोर्कोचे हात, झोर्कोचा डोळा, झोर्कोची मोगरी. मोगरीचंसुद्धा कौतुक झालं. ती तर लाकडाची! तिला काय कष्ट? ती वरून पडते. मी खालून सोसते.

माझ्यावर घडलेला प्रत्येक पत्रा रंग लावून बाहेर गेला. कुणी डोंगर चढला, कुणी चषक घेऊन आला, एक तर म्हणे समुद्रापार गेला. मी त्याच तिपाईवर. पत्र्यांचा हेवा करायचा तरी किती? ते येऊन निघून जायचे. माझा खरा जीव जळायचा तो छताच्या वरच्या खोलीवर. तिथे मिलोयका लेस विणायची. आमच्या गावच्या बायका लाकडी फिरक्यांना दोरा गुंडाळून, गोल उशीवर टाचण्या टोचून, नाजूक जाळीची लेस विणतात. मिलोयकाची लेसची उशी म्हणजे माझी थोरली बहीणच, तिच्याच हातची. पण तिचं नशीब बघा. ती चुलीजवळ बसणार, तिच्यावरून मऊ बोटं फिरणार, पाहुणे आले की “वा, काय सुंदर” म्हणत तिच्याभोवती गोळा होणार. फिरक्यांची टिकटिक वरून ऐकू आली की मला वाटायचं, एकाच आईच्या दोन लेकी, आणि एकीला टाचण्या, दुसरीला मोगरी.

गंमत अशी की वर बसलेली मिलोयका खालच्या माझ्यावर जळत होती. एकदा ती जिन्यातून डोकावली आणि म्हणाली, “त्या उशीवर तू जितका वाकतोस ना, तितका माझ्याकडे कधी वाकला असतास तर...”

“तर काय झालं असतं?”

“तर मला लेस विणायला वेळ उरला नसता.”

झोर्को हसला. मी मात्र त्या दिवशी अभिमानाने फुगले. कुणाला तरी आपला मत्सर वाटतो, यासारखं सुख नाही. ते सुख मी बरीच वर्षं जपून वापरलं.

मग ती आली.

सीमेपलीकडे इटलीत एक जुना कारखाना बंद पडला होता. तिथून राफकोच्या ट्रेलरवर, घोंगडीत गुंडाळून, दोऱ्यांनी बांधून तिला आणलं. माणसाहून उंच लोखंडाची कमान, आणि कमानीच्या तोंडात दोन चाकं, एकावर एक. वरचं मोठं आणि सपाट, खालचं लहान आणि किंचित फुगीर. दोन्हींच्या मध्ये पत्रा घालायचा आणि हळूहळू पुढेमागे ढकलायचा. ठोकाठोक नाही, दणका नाही. पत्रा लाटल्यासारखा गुळगुळीत होतो आणि अलगद वळतो. तिला पाहिलं आणि मला कळलं, घरात सवत आली.

झोर्कोने तिची घोंगडी उतरवली, चिंधीने पुसलं, चाकांना तेल दिलं. वरच्या चाकावर तळहात ठेवून तो कितीतरी वेळ उभा राहिला. मला त्याने कधी तेल दिलं होतं? चामड्याला तेल लागतं हो, मित्रांनो! ते न मिळाल्याने माझ्या कडेला भेगा पडायला लागल्या होत्या.

तिला जागा करायला माझी तिपाई हलवली आणि मी गेले गॅरेजमधल्या कामाच्या ओट्याखाली. काही दिवसांनी माझ्यावर नटबोल्टचा पत्र्याचा डबा आला. मग खारवलेल्या कोबीची एक भलीमोठी बरणी आली, कारण मिलोयकाला आंबवलेली कोबी ठेवायला थंड जागा हवी होती. मी ओट्याखालून चाकांची कुरकुर ऐकायची. ती सवत माझ्याशी कधी बोलली नाही. एखादा टोमणा तरी मारला असता तर बरं वाटलं असतं. तिला माझी दखलच नव्हती.

गिऱ्हाईकं येत राहिली. पण झोर्को आता एक नवंच बोलायला लागला होता. “सपाट काम असेल तर ठेव. जरा बाक द्यायचा असेल तरी चालेल. पण खोलगट काम मी घेत नाही.”

“का रे? तुझ्याइतकं खोलगट काम कुणाला जमतं?”

“वेळ नाही.”

खोलगट काम म्हणजे माझं काम. चाकाच्या तोंडात पत्र्याला मोठं पोट काढता येत नाही, त्याला मीच लागते. मी मनाशी म्हटलं, बघा, तिच्या नादाने धंदासुद्धा सोडला. माझं तोंड बघायला नको म्हणून आलेलं काम परत पाठवतो! मी तिला मनातल्या मनात काय काय बोलले ते लहान मुलांना सांगण्यासारखं नाही.

एका वसंतात, शर्यतीच्या आधीच्या सरावात, राफकोचं एक वळण चुकलं. फिचो दगडी कठड्याला नाकाने जाऊन भिडली. राफकोला खरचटलंसुद्धा नाही, पण गाडीचं नाक दोन्ही दिव्यांसकट आत गेलं. गाडी ओढत आणून त्याने अंगणात उभी केली.

“भावोजी, नाक गेलं.”

“दिसतंय. उरलंय काय तेही सांग.”

“नवीन करून द्या. हलकं, ॲल्युमिनियमचं. या वेळी मी वरच्या तिघांत येणार आहे.”

झोर्कोने नाकाच्या त्या गोलाईवरून बोट फिरवलं. वरून फुगीर, दोन्ही बाजूंनी वळलेलं, दिव्यांपाशी खोल. “हे खोलगट काम आहे, राफको. मी घेत नाही.”

“माझंसुद्धा नाही? मग ठीक आहे. टोल्मिनच्या त्या माणसाकडे जातो. सगळे हल्ली त्याच्याकडेच जातात. तुमच्यापेक्षा हात चांगला आहे म्हणतात.”

झोर्कोचे कान लाल झाले. “कोण म्हणतं?”

“सगळेच.”

“तो पत्रा घडवतो? तो पत्रा बडवतो! त्याच्या टाक्या बघितल्यात मी. मार खाल्लेल्या कुत्र्यासारख्या दिसतात.”

“मग करताय?”

“गाडी आत घे.”

मित्रांनो, मत्सराला लोक नावं ठेवतात. पण त्या दिवशी मला ओट्याखालून बाहेर काढलं ते झोर्कोच्या मत्सरानेच. बरणी हलली, डबा हलला, आणि मी पुन्हा तिपाईवर बसले. सवत समोरच उभी होती. मी तिच्याकडे बघून छाती फुगवली.

झोर्कोने साबण ओढला, ज्योत फिरवली, पत्रा निवू दिला. मोगरी उचलली. पहिला घाव पडला आणि माझ्या लक्षात आलं की काहीतरी चुकतंय. तो घाव झोर्कोचा नव्हताच. कडेने पडला, तिरपा. दुसरा त्याहून वाईट. चौथ्या की पाचव्या घावाला मोगरी त्याच्या मुठीतून सुटली आणि फरशीवर गडगडत गेली. त्याने ती उचलली, पुन्हा ठोकलं, पुन्हा सुटली. मग त्याने हात काखेत दाबून धरला. बोटं मेणबत्तीसारखी पांढरी पडली होती.

त्याने रागाच्या भरात दोन्ही हातांनी मोगरी धरून एक जोराचा दणका दिला. पत्र्याला चीर गेली. झोर्को बादली उलटी घालून तिच्यावर बसला.

तेवढ्यात मिलोयका कोबी न्यायला खाली आली. आधी चीर दिसली, मग नवरा दिसला, मग हात.

“दाखव.”

“काही नाही. गारठलाय.”

“एप्रिल महिना आहे, झोर्को. दाखव म्हणते ना.” तिने त्याची बोटं आपल्या हातात घेतली आणि चोळायला लागली. “कधीपासून?”

त्याने हात सोडवून घ्यायला पाहिलं.

“कधीपासून ते सांग.”

“चाक आणलं त्याच्या आधीपासून,” तो म्हणाला. “म्हणून तर आणलं. इतकी वर्षं ठोकून बोटांतलं रक्त गेलंय, डॉक्टर म्हणाले. थंडीत आणि दणक्याने पांढरी पडतात, मग काही कळतच नाही. चाकाला दणका नसतो. नुसतं ढकलायचं.”

“आणि मला बोलला नाहीस.”

“बोलून काय? तू म्हणाली असतीस, सोडून दे.”

“म्हटलं असतं,” ती म्हणाली. “मग तू सोडलं नसतंस. पण निदान मला माहीत तरी असतं.”

मी ऐकत होते. म्हणजे तिच्या रूपावर भाळून त्याने मला ओट्याखाली टाकलं नव्हतं. त्याच्याने ठोकवतच नव्हतं. सगळं खापर मी उगाच सवतीच्या डोक्यावर फोडत आले होते. आता तुम्हाला वाटेल की माझा मत्सर तिथेच निवला. नाही निवला. तिचा दोष नव्हता हे कळल्यावर तर मी जास्तच चिडले. इतक्या मेहनतीने पोसलेला राग असा वाया जाताना कुणाला आवडेल?

मिलोयकाने बाह्या वर केल्या आणि मोगरी उचलली.

“ठेव ती,” झोर्को म्हणाला. “हे लेस विणणं नाही.”

“माहीत आहे. लेस विणताना एवढं कण्हावं लागत नाही. नवा पत्रा घे आणि सांग कुठे मारायचं.”

तिचे पहिले घाव भित्रे होते. पत्रा नुसता थरथरला. “जोर लाव!” झोर्को ओरडला. तिने जोर लावला तर खड्डा पडला. “एवढा नको!” “मग केवढा?” “मनगटातून! खांद्यातून नको!” “मनगट कुठे आहे ते मला ठाऊक आहे, ओरडू नकोस!” तो पत्रा वाया गेला. दुसराही गेला. तिसऱ्याला मात्र मला खालून काहीतरी ओळखीचं जाणवलं. तिचा डावा हात पत्रा सरकवत होता. न बघता, न थांबता, प्रत्येक घावानंतर एक केसभर. उजवा हात ठोकत होता आणि डावा त्याला जागा दाखवत होता. ज्या बाईने जन्मभर फिरक्या फिरवल्या, तिच्या दोन्ही हातांना एकमेकांशी बोलायची सवय होती. घाव शेजारी शेजारी पडायला लागले, पावसाच्या थेंबांसारखे. मी दबत होते, ती वळवत होती.

झोर्को बोलायचा थांबला. त्याचा चेहरा मी पाहिला. मित्रांनो, तो चेहरा मी लगेच ओळखला. ओट्याखालून सवतीकडे बघताना माझा चेहरा तसाच होत असणार.

मग तो खुसपटं काढायला लागला. “इथे पातळ झालं.” झालं नव्हतं. “ही सुरकुती नीट बसली नाही.” बसली होती. मिलोयका पुन्हा एकदा हलकेच ठोकायची. तिने पोट काढलं, गाल काढले, दिव्यांची खोल घरं काढली. मग झोर्कोने ते तुकडे चाकाच्या तोंडात घालून गुळगुळीत केले आणि जोडून दिले. खरं सांगायचं तर ती सवत तिच्या कामात चोख आहे. पण हे माझ्या तोंडून पुन्हा ऐकायला मिळणार नाही.

शर्यतीत राफको वरच्या तिघांत आला नाही, चौथा आला. पण त्या चकचकीत नाकाकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. त्याच संध्याकाळी तो गाडी आणि गावभरचे मित्र घेऊन आमच्या अंगणात आला. गॅरेजचं दार सताड उघडं होतं आणि मी तिपाईवरून सगळं बघत होते. पेले भरले गेले.

“हे नाक बघा!” राफको नाकावर थाप मारून ओरडला. “कुठे एक खड्डा दाखवा! माझ्या भावोजींच्या नावाने!”

“झोर्कोच्या नावाने!” सगळे ओरडले.

शेजारचा म्हातारा झोर्कोच्या पाठीवर थोपटत म्हणाला, “हात अजून तसाच आहे हं तुझा.”

झोर्कोचा पेला अर्ध्या वाटेत थांबला. दारात मिलोयका उभी होती. तिच्या हातात गरम झ्लिक्रोफींचं पातेलं होतं; बटाट्याचं सारण भरून तिने दुपारभर बसून ती वळली होती. ती झोर्कोकडे बघत होती.

“आहे,” झोर्को म्हणाला आणि पेला तोंडाला लावला.

मिलोयकाने पातेलं ओट्यावर ठेवलं. “खाऊन घ्या, गार होतील,” एवढं म्हणून ती जिना चढून गेली.

मला त्या क्षणी काय वाटलं सांगू? खालून सोसायचं आपण आणि नाव घ्यायचं दुसऱ्याचं, हे दुःख मला वाटायचं जगात माझ्या एकटीचं आहे. ते आणखी कुणाच्या वाट्याला आलेलं पाहून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

त्याच गर्दीत गोरिचाहून आलेली एर्ना नावाची दातांची डॉक्टर होती. तिच्या वडिलांची जुनी उघडी मोटार तिने जपून ठेवली होती, पण तिची पुढची दोन्ही मडगार्डं गंजून गेली होती. “अशीच गोलाई हवी,” ती नाकाकडे बोट दाखवून म्हणाली. झोर्को भरल्या पेल्याच्या तोऱ्यात “होईल” म्हणून बसला. ती शनिवारी गाडी घेऊन येणार असं ठरलं.

त्यानंतर मिलोयका खाली आली नाही. वर फिरक्यांची टिकटिक दिवसभर चालायची, पण त्यात नेहमीची लय नव्हती. दोरे ओढल्यासारखी चालायची. जेवणं मुकी झाली. झोर्कोने मोगरी चामड्याच्या पट्ट्याने मनगटाला बांधून पाहिली. डाव्या हाताने ठोकून पाहिलं. ते घाव इतके केविलवाणे होते की मी दबायचंसुद्धा विसरले.

शुक्रवारी वर नेलेली कोबी संपली. मिलोयकाला खाली यावंच लागलं. ती बरणीवर वाकली, तेव्हा झोर्को मागून बोलला.

“मला तुझा मत्सर वाटला.”

ती वाकलेलीच राहिली.

“मला हे यायला अर्धं आयुष्य लागलं. तू तिसऱ्या पत्र्याला केलंस. आणि माझ्याच डोळ्यांसमोर, माझ्याच मोगरीने. वाटलं, आता माझं काय उरलं इथे? म्हणून तोंडातून शब्द फुटला नाही.”

मिलोयका सरळ झाली. तिच्या हातातल्या चिमट्यातून कोबीचं पाणी गळत होतं. “तू बोललास ना. ‘आहे’ म्हणालास. मी ऐकलं.”

“हो.”

“मत्सर वाटला तर वाटू दे. मला या खोलीचा लग्न झाल्यापासून वाटतोय. मेले का मी? पण मी कधी ही खोली माझी आहे असं चारचौघांत सांगितलं नाही.”

झोर्कोने मान खाली घातली. ती कोबी घेऊन वर गेली. समेट वगैरे काही झाला नाही. वर ताटं वाजली, इतकंच कळलं.

शनिवारी एर्ना गाडी घेऊन आली. राफको होताच, शेजारचा म्हाताराही कुंपणावरून डोकावत होता. एर्नाने जुनी मडगार्डं दाखवली आणि विचारलं, “मग कधीपर्यंत होतील?”

झोर्कोने हात पाठीमागे घेतले होते. ते त्याने पुढे आणले आणि सगळ्यांना दिसतील असे धरले. “मला विचारू नका,” तो म्हणाला. “माझ्याने मोगरी धरवत नाही. राफकोच्या गाडीचं नाकही मी ठोकलेलं नाही. ते माझ्या बायकोने ठोकलं. मी नुसतं चाक फिरवलं आणि जोडलं. तिला विचारा.”

“ताईने?” राफकोने आ वासला. “आमच्या ताईने? ती तर लेस विणते!”

“तू तर गाडी चालवतोस,” जिन्यावरून मिलोयका म्हणाली, “तरी कठड्याला आदळलासच ना?”

म्हातारा कुंपणावर खो खो हसला. मिलोयका सावकाश खाली उतरली. एप्रनला हात पुसले, मडगार्डाच्या गोलाईवरून बोटं फिरवली आणि एर्नाला म्हणाली, “होतील. पण मला घाई केलेली चालत नाही. आणि यांनी मागे उभं राहून ओरडलेलंही चालत नाही.”

“मी नाही ओरडणार,” झोर्को म्हणाला.

“ओरडशील.”

“थोडंसं ओरडेन.”

तेव्हापासून, मित्रांनो, आमच्या गॅरेजमध्ये असंच चालतं. ती माझ्यावर ठोकते, तो चाकावर फिरवतो. अजूनही तिचा एखादा पत्रा फार सुरेख उतरला की झोर्को थोडा वेळ बाहेर जाऊन उभा राहतो आणि मग आत येऊन म्हणतो, “चांगलं झालंय.” हे म्हणायला त्याला किती जड जातं ते त्याचं त्याला ठाऊक. पण तो म्हणतो.

माझं आता वय झालंय. भेगा वाढल्या आहेत, एका कडेने शिवण उसवत चालली आहे आणि दणका बसला की थोडी वाळू फरशीवर सांडते. म्हणून जाता जाता एक विनवणी करते. एखादी सुंदर वस्तू पाहिलीत तर ती घडवणाऱ्याचं नाव नीट विचारून घ्या. मग जरा वाकून तिच्याखाली काय होतं तेही पाहा. आणि घरात माझ्यासारखं कुणी निमूटपणे दबत असेल तर त्याला वेळेवर तेल द्या, उसवलेलं शिवून घ्या. चाकाला आधी तेल दिलंत आणि मला मागून, तरी माझी काही तक्रार नाही.

नाही, खोटं कशाला बोलू? तक्रार आहे. मला आधी द्या.